मागील रीडिंग, चालू रीडिंग

बावीस वर्षं झाली, तांडापेठ ते नाईक तलाव
ही माझी लाईन.
कोणत्या जिन्याखाली मीटर, कोणत्या मीटरमागं पाल,
कोणतं कुत्रं नुसतंच भुंकतं, सगळं पाठ.

परात्यांच्या घराला कुलूप. मीटर बाहेरच्या भिंतीला.
मागील ४४१७, चालू ४४१७.
दोन महिने वापर शून्य.
शेजारची बाई दळण निवडता निवडता बोलली,
पोरगं दवाखान्यात हाय जी, रितिक, अकरावीतला.
प्लेटलेट नऊ हजारावर आले म्हन्ते.

मी आकड्यांचा माणूस.
नऊ हजार मला पुष्कळ वाटले.

रामदासपेठेतल्या रक्तपेढीत नौशीन मॅडम म्हणाल्या,
काका, दीड लाखाच्या खाली असाल तर आम्ही सुईच लावत नाही.
थेंब घेतला. कागद आला.
दोन लाख शेहेचाळीस हजार, हिमोग्लोबिन चौदा पॉइंट दोन.
एवढी शिल्लक माझ्या पासबुकात कधी पाहिली नव्हती.

यंत्राच्या पोटात काहीतरी गरगरत होतं,
जुन्या मीटरची लाल खुणेची चकती
कूलर लागला की धावायची, तसं.
रक्त जायचं, चाळून यायचं. येताना गार.
मग ओठांना झिणझिण्या,
कुठंतरी न्यूट्रल सैल झालेला असावा तशा.
मॅडमनं लिंबाच्या चवीची कॅल्शियमची गोळी चघळायला दिली.
सव्वा तासानं पिशवीत जे जमलं ते लाल नव्हतंच.
वरणावरच्या पाण्यासारखं पिवळट,
आणि उजेडात हलवलं की आत धुकं फिरायचं.

एक लाख एकाहत्तर हजार. तेरा पॉइंट आठ.
पंचाहत्तर हजार युनिट, एका बैठकीत.
बिल कोणाच्या नावानं काढायचं?

घरी सुलभानं कागद पाहिला,
चष्मा लावून, चष्मा काढून.
"रक्त काय नळाचं पानी हाय काय तुमचं?"
रागानंच शेंगदाण्याचे दोन लाडू पुढं ठेवले.

मीटर मागं जात नाही.
मागं गेलं तर आम्ही पंचनामा करतो.
माझं मात्र गेलं, आणि तिसऱ्या दिवशी
दोन लाख आठ हजार.
आठव्या दिवशी दोन एकोणसाठ, पहिल्यापेक्षा जास्त!
हिमोग्लोबिन तेवढं आळशी, तेरा नऊवरच बसून.
मी काहीच केलं नव्हतं. झोपलो, जेवलो, जिने चढलो.
हाडांच्या आत कोणीतरी
रात्रपाळी करत असणार, हजेरीपटावर नाव नसलेलं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा विचारलं, पोराचं कसं?
नऊचे एकतीस झाले होते, मॅडम म्हणाल्या,
चौथ्या दिवशी पुन्हा बारा.
म्हणजे माझ्याकडून गेलेले
आपलं चार दिवसांचं काम करून संपले,
आणि त्याच्याकडे रात्रपाळीला कोणीच नाही.
त्या दिवशी हात स्वतःहून पुढे केला. डावा. त्याची शीर चांगली आहे.

तिसऱ्यांदा मॅडमनंच थांबवलं.
शीर सुजलीये काका, हिमोग्लोबिनही बघा, साडेबारावर टेकलंय,
महिनाभर येऊ नका.
त्यांच्यामागं फळा होता, आज कोणाला काय हवंय त्याचा.
वानखेडे, ओ पॉझिटिव्ह. शेख. बोंद्रे. आणखी एक पुसट.
पराते नव्हते.
मी विचारलं नाही.
त्या पट्टी गुंडाळत होत्या, गुंडाळत राहिल्या.

आज पुन्हा तांडापेठ.
मागील ४४१७.
चालू ४४२९.

बारा युनिट.
एक पंखा, एक ट्यूब, कदाचित
रात्रभर सुरू राहिलेला एखादा झिरोचा बल्ब.
कुलूप नाही. आत कोणीतरी आहे.
कोण, ते मीटरला कळत नाही.
दाराशी चपला होत्या. मोजायची सवय असून
मी त्या मोजल्या नाहीत.

मशीनमधून बिल फाडलं, कडीत खोचलं.
कोपराच्या आतला निळा डाग पिवळा होत आलाय,
बाही खाली ओढली,
आणि पुढच्या जिन्याखाली वाकलो.