कुणाचं काय

उद्यमनगरात, हुक्केरींच्या लेथवर पत्र्याचा मजला,
त्यात दहा बाय बाराची नवी खोली.
लेक सीएला बसलेली, घरात भाच्यांचा दंगा,
म्हणून.

बोर्ड चढले होते. करडा कागद,
चार-चार फुटांवर सांधा,
आणि स्क्रूंच्या रांगा, मुंग्या निघाव्यात तशा.
मी तळहात फिरवला.
सतरा स्क्रू डोकं वर काढून होते.
हात फिरवल्याशिवाय मी घमेलं उचलत नाही.

“ह्ये आत कोण घेणार?”
बाबू सुतार म्हणाला, “माझं काम बोर्ड उभा करायचं.
उभा हाय. ढकलून बघ.”
सुकुमार वायरमन पायरीवर तंबाखू मळत होता.
त्याच्या पेट्या बोर्डाशी चपटून बसलेल्या.
माझ्या तीन मिलिमीटरनं जायचं कुठं?
“नंतर घेतो की म्होरं.”
त्याचं हे ‘नंतर’ मी वीस वर्षं ओळखतो.
ते येतं तेव्हा माझी भिंत वाळलेली असते
आणि त्याच्या हातात छिन्नी.

महिपती पेंटर अजून आलाच नव्हता,
पण सगळ्यात जास्त काम त्याच्याच नावावर पडलं.
“ऱ्हायलेलं महिपती भरंल.”

गिरिजा चहा घेऊन वर आली.
ऐकलं. कपबशा खाली ठेवल्या.
बाबूच्या कानावरची चपटी पेन्सिल काढून घेतली,
बोर्डाचा एक तुकडा मांडीवर घेऊन म्हणाली,
“सांगा. स्क्रू?”
बाबू.
“पेट्या पुढं घेणं? गिलाव्याआधी.”
सुकुमारनं मान हलवली, तोंड भरलेलं होतं.
“कोपऱ्याची पट्टी? पाणी वर कोण आणणार?
जिन्यातला चुरा?”
चुऱ्यावर अर्धा तास गेला.
“आणि सांधा?”

खाली लेथ फिरत होता.
बोर्ड बाबूचा, गिलावा माझा,
दोन बोर्डांमधली ती सुतभर फट
कुणाच्याच घरची नव्हती.
शेवटी मीच म्हणालो, लिव्ह. इसाक.
जाळी मी लावतो.

मग तीन दिवस माझे.
पाणी आधी, पावडर मागनं,
उलटं केलं की गुठळ्या, आणि गुठळी माफ करत नाही.
वीस मिनिटांत माल हातात दगड होतो,
त्या वीस मिनिटांत मी कुणाशी बोलत नाही.
पत्रा तिरका धरायचा, वरून खाली,
भिंत चमकायला लागते, म्हशीच्या ओल्या पाठीसारखी,
आणि मग हळूच मावळते.

दिवाळीनंतर फोन. खिडकीच्या वर तडा.
केसाएवढा, पण हुक्केरींना चष्म्याशिवाय दिसलेला.
चौघंही हजर. महिपती सगळ्यात आधी,
कारण या वेळी त्याच्यावर ढकलायला तोच गैरहजर नको होता.
“कागद काढा,” मालक म्हणाले.
कागद नव्हताच. बोर्डाचा तुकडा.
माळा बघितला, लेथमागं बघितलं, भंगारात बघितलं.

बाबू बराच वेळ खिळे मोजल्यासारखा उभा.
मग म्हणाला, “सुकुमारनं एक पेटी चुकीच्या जागी कापली हुती.
भोक बुजवायला तुकडा हवा हुता.
मापाचा त्योच घावला.”
“अक्षरं?”
“आतल्या अंगाला.”

म्हणजे करार आहे. दाराशेजारी,
कमरेच्या उंचीवर,
माझ्याच दोन हातांच्या खाली.
वाचायचा तर भिंत फोडायची.
कोण फोडणार, कोण बुजवणार,
ते त्यात लिहिलेलं नाही.

गिरिजा हसली. तिचा एक ग्रुप सुटला होता.
मी तड्यावर बोट ठेवलं.
बोटात लेथ फिरत होता, बारीक, सकाळी आठपासून.
त्याला आम्ही यादीत धरलंच नव्हतं.

“माझं न्हाई ह्ये,” मी म्हणालो,
आणि पिशवीतून जाळी काढली.
बाबूनं न सांगता शिडी धरली.
सुकुमारची एक पेटी अजून आतच होती.
तो तिच्याकडं बघत होता.