नमुना क्रमांक चौदा

अंबडच्या कारखान्यात माझं काम एवढंच:
गाडीचा दरवाजा आणि गाडीचा बंपर
एकाच आईची लेकरं वाटली पाहिजेत.
एक पत्रा, एक प्लास्टिक,
पण रस्त्यावरच्या माणसाला कळता कामा नये.
बारा वर्षं झाली.
पांढऱ्याचे सतरा प्रकार मला तोंडपाठ आहेत.

म्हणूनच शनिवारी रात्री आईने
स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.
"तू तर त्यातलीच. सुलूचं तेवढं जमव."

सुलक्षणा माझी धाकटी.
डाव्या गालावर, कानाकडे सरकत चाललेला पांढरा डाग,
आठवीत मसुरीएवढा,
आता द्राक्षाच्या कोवळ्या पानाएवढा.
बाजारातली क्रीमं तिला सोसत नाहीत,
तासाभरात गाल पेटतो.
आणि उद्या सिन्नरची माणसं येणार.

मी डबे काढले.
आरारूट. नाचणीचं पीठ, मलमलीतून तीनदा गाळलेलं.
भाच्याच्या दुधातली कोको पावडर.
सहाणेवर उगाळलेलं जायफळ.
हळद सुईच्या टोकावर मावेल तेवढीच,
जरा जास्त झाली की माणूस आजारी दिसतं.
बांधायला खोबरेल, आणि हरसूलच्या बाजारातलं
पोळ्याचं मेण, अजून मधाचा वास असलेलं.

वाट्या मांडल्या, नंबर घातले. सवयच ती.
पहिली: नुसती माती.
दुसरी: सारवलेली ओटी.
तिसरी जवळ आली, पण आतून हिरवट.
पाचवीत आमचे वडील निघाले,
नेमके, सातपूरहून सायकलवर परतणारे,
मानेवर ऊन घेतलेले.
ती वाटी मी न बोलता बाजूला सरकवली.

कामावर आम्ही तीन उजेडांत बघतो:
दिवसाच्या, दुकानातल्या, बल्बच्या.
एकात जुळलेला रंग दुसऱ्यात उघडा पडतो.
त्याला मोठं शास्त्रीय नाव आहे.
शिरसाटबाई त्याला
'सासरी गेल्यावर कळणारा रंग' म्हणतात.

रात्री एकला, ट्यूबलाइटखाली,
चौदावा बसला.
गाल सलग झाला. सांधा सापडेना.
आई पदर तोंडात धरून रडली.
सुलू आरशात बघत राहिली,
चुकीच्या दारावर बेल वाजवलेल्या पाहुणीकडे बघावं तशी.

सकाळी तिला गॅलरीत नेलं.
नोव्हेंबरचं ऊन, धुतल्यासारखं,
त्या उन्हात कुणाची भीडभाड राहत नाही.
तरी जुळलं होतं. खरंच.
मी, बारा वर्षांची मी, नखाएवढी चूक काढू शकले नाही.
तेवढ्यात खाली कोठावदे काका
बंद पडलेल्या स्कूटरला "अहो, चला ना" म्हणाले.
सुलू हसली.
सगळा चेहरा आतून तांबूस झाला,
आणि तेवढाच एक तुकडा
शहाण्यासारखा नाचणीचा राहिला.

कारखान्यात पत्रा हसत नाही.
ज्याच्याशी जुळवायचं ते कपाटात असतं, कुलपात.
त्याला ताप येत नाही, राग येत नाही,
कुणाची आठवण येत नाही.

मी बीट किसायला घेतलं. पंधराव्यासाठी.
सुलूने किसणीखालून चिमूटभर उचललं,
ओठांवर चोळलं,
उरलेलं मीठ टाकून खाल्लं.
रात्री आईने तांब्याच्या ताटलीवर धरलेलं काजळ
करंगळीने डोळ्यांत भरलं.
मग बेसिनपाशी जाऊन गाल धुतला.
तपकिरी पाणी गरगरत गेलं,
माझे साडेचार तास.
"सिन्नर काही लांब नाही," ती म्हणाली,
"नाहीच पटलं तर जेवायच्या आत घरी पोचतील."

माणसं आली. चिवडा खाल्ला.
त्यांच्यातल्या एका म्हातारीने काजळ कसं केलं ते विचारलं,
एरंडेलाचं की तुपाचं, एवढंच.
गेली. अजून फोन नाही.

पाचवी वाटी फ्रिजमध्ये आहे,
कोथिंबिरीच्या मागे.
आई दर दोन दिवसांनी विचारते, टाकून देऊ का.
मी म्हणते, राहू दे.
ती झोपली की काढते,
ट्यूबलाइट बंद करून
रस्त्यावरच्या दिव्यापाशी, खिडकीत नेऊन बघते.
तिन्ही उजेडांत बसते.