योग्य वेळी

खांडेपारच्या पंपघरात टेबलावर
पाठीला चिकटपट्टी लावलेला शब्दकोश,
शुद्धलेखनाची नियमावली,
आणि कुंकळ्येकरांची वही,
ते निवृत्त झाले तेव्हा कपाटातच राहिलेली.

पंपाची माहितीपुस्तिका लिहिते आहे.
‘झडप’ की ‘व्हॉल्व्ह’? ‘उघडा’ की ‘उघडावी’?
वही म्हणते: सरळ ‘उघडा’ लिही.
मोटर चालू असताना शेवटचा ‘वी’ कुणाला ऐकू येत नाही.
पान अकरा: ‘पाणी सोडा’मधला णी ऱ्हस्व केलास
तर त्याचा हात होतो.
खाली लाल शाईत: आत हात सोडायला सांगू नकोस.
मी एकटीच हसले.

संध्याकाळी मसुदा इनासला वाचून दाखवला.
डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच असलेला इनास
शेवटपर्यंत गप्प. मग म्हणाला,
‘बाय, योग्य वेळी म्हळ्यार केन्ना?’

शब्दकोशात ‘योग्य’ सापडलं.
‘वेळ’ही होती, सात अर्थांची.

खोडलं. लिहिलं:
काटा चारवर आला की.

आणि वहीत, कुंकळ्येकरांच्या शेवटच्या ओळीखाली:
अडलं तर विचारणे,
इनास, दुसरी पाळी.