आधी टण्ण, मग बार

कुकुडवाडच्या माळावर, खंदकात
सकाळपासून बसलोय चुन्याचा डबा घेऊन.
डोक्यावर लोखंडी पाट, दोन हात रुंद.
समोर ओढा, घळ, करपलेलं कुसळ,
आणि त्यापलीकडं दोन हजार मीटरवर
हिंदुराव निकम पोटावर निजलाय.
दिसत नाही. आहे, एवढं माहीत आहे.

पलटणीत असताना त्याच्या उजव्या कुशीला मी असायचो,
दुर्बिणीला डोळा लावून वारं वाचायचो.
आता तिथं त्याची पुतणी वैजयंता,
आणि मी निशाणाखाली, पंचांचा माणूस.
लागली तर लागली म्हणायचं,
चुकली तर कुठं ते सांगायचं,
वाऱ्याबद्दल अक्षर काढायचं नाही.

लोक म्हणतात, नेम.
नेम काय, गोफण घेऊन पोरंही धरतात.
इथं गोळी वाटेत तीस परस खाली पडते,
आमच्या अख्ख्या तालुक्यात एवढी खोल विहीर नाही.
शेणकुटाचा धूर वाकेल एवढं वारं
तिला पुरुषभर ढकलतं.
सकाळचं गार काडतूस आणि दुपारचं तापलेलं,
एकाच पेटीतली, पण सख्खी भावंडं वाटत नाहीत.
आणि शेवटाकडं, आवाजाच्या वेगाखाली उतरताना
गोळी अडखळते,
अंधारात उंबरा लागावा तशी.
ती ठेच कुठल्या कोष्टकात धड लिहिलेली नाही.

शिवाय पृथ्वी.
गोळी हवेत असते पावणेचार सेकंद,
तेवढ्यात पृथ्वी आपल्या पायाखाली फिरते
आणि गोळी उजवीकडं पडते, वीतभराला थोडी कमी.
हे हिंदुरावानंच शिकवलं होतं,
बशी फिरवून, तीवर चहाचा थेंब सोडून.
"आपुन डावीकडं धरायचं," म्हणाला,
"तिला थांब म्हणता येत न्हाई."

पहिली उजवीकडं. धूळ उडाली.
"उजवीकडं, दोन हात."
दुसरी उजवीकडं, हातभर.
तिसरी पाटावरून निघून गेली,
कुठं पडली मलाही कळलं नाही, तसंच सांगितलं.
चौथी पुन्हा उजवीकडं.

मला माहीत होतं का ते.
त्याच्याकडं पश्चिमेचं वारं, झेंडा ताठ,
माझ्याकडं चिंधी मेलेली,
आणि घळीत मधोमध तिसरंच काही,
जे दोघांच्याही झेंड्यांना विचारत नाही.
वर एक घार पंख न हलवता टांगलेली,
तिला ठाऊक होतं.
वॉकीटॉकीवर दोनदा टिकटिक झाली.
आमची जुनी खूण: काय म्हणतंय रं?
अंगठा बटणावरच होता.
काढून घेतला. चुन्यात बुडवला.

मग बराच वेळ काही नाही.
वेळ संपत आली असणार,
वैजयंता मिनिटं मोजत असणार,
आणि तो झळ बघत असणार,
मातीवरून वाहणारी पाण्यासारखी झळ,
ती उभी व्हायची वाट बघत.
मीही बघत होतो.
वाहतेय. वाहतेय.
उभी.

टण्ण.
अख्खा पाट थरथरला, कानात मुंग्या.
मग दोन सेकंदांनी पलीकडून बार आला,
उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा.
इथं असंच असतं.
आधी उत्तर येतं, प्रश्न मागनं.

संध्याकाळी जीपच्या बॉनेटवर चहा.
त्याच्या कोपरांवर खडीचे वळ,
माझी बोटं पांढरी.
टिकटिकीचं त्यानं काढलं नाही, मीही नाही.
"मधोमध?" त्यानं विचारलं.
"न्हाई. वीतभर डावीकडं."
थोडा वेळ बशीकडं बघत राहिला,
मग एवढा हसला की चहा सांडला.
"म्हंजे पृथ्वी दोनदा मोजली की रं मी!"

वैजयंता वहीत लिहून घेत होती:
वारं, तापमान, वेळ.
त्या ओळीपुढं काय लिहायचं, तिनं विचारलं.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
घार कधीच निघून गेली होती.