ओतिलियाचा ओ

त्रिएस्तच्या नाटकघराच्या दोन दारांमधला खांब
दोन वितींचा, वर चार बोटं.
पोस्टर तेवढंच रुंद. आणि त्या हिवाळ्यातली गायिका
बार्तोलोमेआ स्कारामुत्सिनी.
तिचा निरोप आला: नाव तोडायचं नाही.
दोन ओळींत मी गात नाही.

ओतिलिया कोस लाकडाचे ठोकळे घेऊन बसली.
अक्षर नुसतं दाबलं तर उभे दांडे सुकतात,
आडवे मात्र जाडेच राहतात, खोडकर;
म्हणून एकेक नव्यानं कोरायचं.
या लिपीला शिरोरेघ नाही,
लोंबकळायला काही नाही,
ज्यानं त्यानं आपल्या पायांवर,
बोरा वारा सुटला की धक्क्यावर माणसं उभी राहतात
तसं, कोट आवळून.

एम कबूल झाला. आरनं पाय आत घेतला.
ओ अडून बसला.
आठ दिवस ती त्याच्या पोटातला पांढरा घासत होती,
आतली मोकळीक आणि शेजारची मोकळीक
एका मापाची होईपर्यंत.

पुढं तीच अक्षरं कॉफीच्या डब्यांवर गेली,
सर्कशीच्या कापडावर,
एकदा दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर.
तेव्हा ती फार हसली.

गेल्या मार्चात काळ्या किनारीचा कागद
नेवियोनं जुळवला.
ओतिलिया कोस. त्यांच्या लिपीत नऊच अक्षरं.
निम्मा कागद उरला.
पोऱ्या म्हणाला, जरा पसरा की, रिकामं दिसतंय.
नेवियोनं दोन्ही ओ बोटानं चाचपले.
काही हलवलं नाही.
भिंतीवर लावताना खळ तेवढी जास्त घेतली,
वारा होता.