झडती

व्हिएतनामला जायचं ठरलं तेव्हा
तिकिटांचं भांडण एका संध्याकाळी मिटलं,
पैशांचं पंधरा दिवस चाललं.

ऋजुता फोनवरून म्हणाली, कार्ड घ्या, मी इथूनच भरून देते,
हरवलं तर घरबसल्या बंद करता येतं.
टूरवाला सानप म्हणाला, वहिनी, डॉलर न्या,
शंभराच्या, कोऱ्या करकरीत,
तिकडे सोनाराच्या पेढीवर विमानतळापेक्षा बरा भाव मिळतो.
गांगुर्डेबाई दुबई करून आलेल्या,
त्यांनी जिन्यातच दोन बोटं वर केली:
दोन जागी ठेवा,
आणि दुसरी जागा नवऱ्यालाही सांगू नका.

हे काहीच बोलेनात.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासलेला माणूस.
रोज किती असायच्या हो, असं कुणी लग्नकार्यात विचारलं
की म्हणायचे, कागद असतो तो,
आणि मठ्ठ्याचा ग्लास पुढे करायचे.
आत जाताना खिसा रिकामा,
बाहेर येताना तो रिकामाच आहे हे दाखवायचं.
अंगाला लागलेली ती सवय.
रिटायर होऊन सहा वर्षं झाली
तरी मेथीच्या जुडीचे पैसे माझ्याच पर्समधून.
जेलरोडच्या वाण्याला ठाऊक आहे,
साहेब पिशवी घेऊन पुढे गेले
की मागून हिशेब चालत येतो.

एका मंगळवारी कॅनडा कॉर्नरला गेलो.
वरच्या मजल्यावर ऑफिस, लिफ्ट बंद,
पासपोर्ट, पॅन, तिकिटं, सगळ्याच्या झेरॉक्स,
मी घाम पुसतेय आणि हे काचेपलीकडचं यंत्र बघताहेत.
पोरानं नोटा टाकल्या, फर्रकन मोजून झाल्या.
यांनी त्या पुन्हा घेतल्या.
अंगठा एकदाच फिरला असेल,
मधली एक बाहेर आली.
ही बदला.
चालते हो काका.
इथे चालेल, तिथला सोनार घडी बघतो. शाई आधी घडीवरच मरते.
पोरगं मुकाट उठलं.

मग यांनीच विचारलं, त्यांची स्वतःची आहे का एखादी?
कुणी परतलेला देऊन गेला असावा,
ड्रॉवरच्या तळातून निघाली: पाच लाखांची.
मी मोठ्यानं हसले. शेजारचा माणूसही हसला.
आपले सतराशे-अठराशे म्हणे,
दोघांचं बऱ्यापैकी जेवण आणि वर कॉफी.
हे हसले नाहीत.
ट्यूबलाइटकडे धरली, चोळली, कानाशी नेऊन वाजवली.
आवाजच नाही हिला, म्हणाले.
प्लास्टिक आहे. पावसात विसरली तरी काही होणार नाही.
बराच वेळ परत दिली नाही त्यांनी.
नवीन जावयाचा हात धरावा तशी
धरून होते, आवडलाय की नाही ते कळू न देता.

शेवटी निम्मे कार्डात, निम्मे डॉलर,
आणि आपले दोन हजार वेगळे,
परतल्यावर नाशिकरोड स्टेशनाबाहेरच्या रिक्षाला.
(तो अडीचशे मागणार. जेमतेम दोन किलोमीटर.)

रात्री त्यांच्या बनियनला आतून खिसा शिवला,
जुन्या उशीच्या अभ्र्याचा, वर चेन.
माझ्या सासूबाई कनवटीला पैसे लावायच्या,
त्यांच्या मुलाला कनवटच नाही.
म्हटलं, उभे राहा जरा, बसतोय का बघू.

हे उभे राहिले.
दोन्ही हात आपोआप आडवे झाले, खांद्याच्या रेषेत,
पाय थोडे फाकलेले,
नजर समोर, कॅलेंडरच्या वर, भिंतीवर,
जिथे काही नव्हतं.

मी दोऱ्याचं टोक दातानं तोडलं.
नोटा आत सरकवल्या, चेन लावली,
वरून हातानं दोनदा थोपटलं.
झालं, म्हटलं. हात खाली घ्या.

घेतले नाहीत.
खाली न बघताच विचारलं,
घेऊन जाऊ?