नाव काढणे

खिडकी क्रमांक दोन माझी.
तिला खाली भाकरीच्या चतकोराएवढी फट.
तेवढ्यातून हात आत येतात,
माणूस बाहेरच राहतो.
एकवीस वर्षं, दर जुलैत, मी हात पाहिले:
काजूच्या चिकाने डागाळलेले,
कोळंबीच्या काट्यांनी टोचलेले,
एकदा एक मेंदीचा, त्यात घामाने मऊ झालेला दाखला.
चेहरे पाठ व्हायचे गणपतीपर्यंत.
दिवाळीनंतर त्यातले कितीतरी
दाभोळच्या वाटेलाच येत नसत.
मग हजेरीपटात लाल रेघ,
पट्टी लावून. मीच मारायचो.
रेघ सरळ येते म्हणून साहेबांनी
एकदा चार लोकांत कौतुकही केलं.

त्या वर्षी सत्तेचाळीस नंबर, दीक्षिता जांभारकर,
खाडीपलीकडच्या धोपाव्याची.
पहिल्याच आठवड्यात फटीतून विचारते,
"सर, क्रेडिट म्हंजे उधारी काय?
बाबा बोलतो, उधारी नको."
मागे रांग होती. मी म्हणालो, नोटीस वाच.
नोटीस काचेत, काचेला कुलूप,
किल्ली माझ्याकडे.

निकाल लागला आणि ती यायची थांबली.
फोन बंद. मी पट्टी काढली.
इतिहासाच्या मुकादम मॅडम, चहाचा कप हातात,
म्हणाल्या, "रेघ उद्या मारलीत तर चालणार नाही का?"
एवढंच म्हणाल्या, आणि तासाला गेल्या.

साडेचारची फेरीबोट.
बर्फाचा टेम्पो, दोन स्कूटर आणि मी,
बगलेत हजेरीपट,
तो कशाला आणला होता कोण जाणे.
ती जेटीवर आईसोबत कोळंबी सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
"माझं नाव काढलं ना?"
"कोणी सांगितलं?"
"बोर्डावरच होतं. एटीकेटी."

चार अक्षरं.
एकवीस वर्षं मी ती टाइप केली,
खाली शिक्का मारला, डकवली,
आणि एकदाही कोणाला तोंडाने सांगितली नव्हती.
सांगितलं: एक विषय राहिलाय. बाकी सगळे सुटले.
वर्ग पुढचाच. हा पेपर मागून देता येतो.
तिचे हात थांबले नाहीत.
थांबले ते आईचे. ती म्हणाली,
"मग हे सांगायला काय पैसं पडत व्हतं?"

परतीच्या बोटीत जागा असून मी उभा होतो.

त्यानंतर काय? फार काही नाही.
पहिला तास वीस मिनिटं उशिरा सुरू होतो.
बोट लागते तेव्हाच लागते,
हे कागदावर मान्य व्हायला
दोन वर्षं आणि अकरा सह्या.
काचेचं कुलूप गेलं.
जुलैत मी स्टूल घेऊन बाहेर बसतो,
फटीच्या या बाजूला.
इथून खिडकी फार उंच दिसते.
शेजारी दीक्षिता, आता तिसऱ्या वर्षाला,
नव्या पोरांना त्यांच्या बोलीत सांगते,
"उधारी नाय रे, जमा. तुजी जमा."

तरी जातात.
वेदांग पालशेतकर ऑक्टोबरात गेला.
मी फोन लावला. मागे इंजिन, वारा,
कोणीतरी दोर सोड म्हणून ओरडत होतं.
"सर, नाव काढ..."
आणि रेंज गेली.

काढू नका म्हणाला,
की काढून टाका,
की काकाने नाव काढली दर्यात, म्हणून सांगत होता,
की मोठा झाल्यावर काढीन म्हणाला
आईबापाचं?
मी पुन्हा लावला. पुन्हा लावतो.

त्याच्या नावासमोर पेन्सिलीचं एक टिंब आहे.
पट्टी खणात आहे.